जमा करा

गुरुवार, १६ जानेवारी

दुपारी भांडी घासताना ऐकलं. गायत्री गॅलरीत, संस्थेच्या मॅडमशी फोनवर — "आहेत ना मॅडम, घरातच आहेत. माझ्या सासूबाई. त्यांना जमलं की कुणालाही जमेल!"

वर हसली.

पातेलं हातात तसंच राहिलं. नळ वाहत होता ते मागून ध्यानात आलं. बादलीभर पाणी वाया.

कुणालाही जमेल! म्हणजे गुजरातेतल्या ह्या कोसाडच्या सगळ्या बिल्डिंगांत ढ कोण, तर मी. मी मॅट्रिक आहे. बिल्डिंगीतल्या अर्ध्या बायकांच्या बँकेच्या स्लिपा मी भरून देते. कुणाकडे सरकारी कागद आला की आधी माझ्या दारात. घराचा हिशोब रोजचा रोज लिहिते, आणि सुनेच्या लेखी मी ही अशी.

रागाने संध्याकाळी दिव्याची वात दोनदा मोडली. देवी, माफ कर.

शुक्रवार, १७ जानेवारी

राग उतरला नाही, पण गोष्ट नीट समजून घेतली. माझा लेक गजेंद्र हजीऱ्याहून ड्यूटी संपवून आला, त्याला विचारलं.

संस्था बालवाडीच्या ताईंना आणि लहान मुलांच्या आयांना फोनवर शिकवते. त्यांना धडे बनवणारी बाई हवी. गायत्री बी.एड. आहे, पण आजवर घरी शिकवण्याच घेतल्या. आता तिने एक धडा बनवायचा — घरी लेकराला गोष्ट वाचून कशी दाखवायची. तो आपल्या बिल्डिंगीतल्या बायकांना द्यायचा. बायकांना जमला, त्यांची उत्तरं संस्थेत दिसली, तर नोकरी तिची. दहा फेब्रुवारीला, सोमवारी ठरणार. लग्न होऊन आल्यापासूनची तिची पहिली पगाराची नोकरी.

नोकरीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मी एकदाच बोलले होते — "मग पोळ्या कोण करणार, देवाचं कोण बघणार?" तिने मान खाली घातली, "मी करीन ना आई सगळं." तेवढ्यावर विषय संपला.

खरं म्हणजे मला बरंच वाटलं होतं. घरातली बाई स्वतःच्या अकलेवर पगार आणणार. पण ते तोंडाने म्हटलं नाही. सासूने एकदम खूश व्हायचं नसतं, असं कुठूनतरी अंगात मुरलंय.

शनिवार, १८ जानेवारी

झाला माझा पेपर!

चटईवर बसवलं, माझाच फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "आई, ही परीक्षा तुमची नाही, माझ्या धड्याची आहे. मनात येईल ते मोठ्याने बोला. अडलात तर 'अडले' म्हणा. मी मधे मदत करणार नाही." आणि कागद-पेन घेऊन समोर. डॉक्टरीण बसावी तशी.

मी मनात म्हटलं, बघतेच, कसं मला अडवतेस.

चित्रांची गोष्ट. एक बकरी बाजारात हरवते. एका बाईचा आवाज सावकाश सांगतो — शब्दाखाली बोट फिरवा, मधे थांबा, लेकराला विचारा, आता पुढे काय होईल? पहिल्या चित्रावरून दुसऱ्यावर जायचं कसं तेच कळेना! मी चित्रावर टिचकी मारते, तर बाई पुन्हा पहिल्यापासून बोलते. तीनदा ती बकरी हरवली. तोंडाने मी — "हं, हं, छान आहे." मग अंगठा चुकून घसरला आणि चित्र सरकलं. हुश्श!

शेवटी सहा प्रश्न. लेकरू मधेच दुसरं काही बोलायला लागलं तर काय कराल? मी तर पाठीत धपाटा घातला असता. गजेंद्रला घातलेही आहेत. पण मी सगळ्यात लांब उत्तर निवडलं. लांबलचक असतं तेच बहुधा बरोबर असतं. मग एक बाण होता, तो दाबला. टाळ्या वाजल्या.

"कुठे अडलात का?"

"कुठे अडायचंय? सोपं आहे."

"काही नको वाटलं?"

इथेच माझी जीभ चालली. "तो आवाज कशाला? सगळं लिहिलंय की. आम्हाला काय वाचता येत नाही?"

तिने ते कागदावर लिहून घेतलं.

रविवार, १९ जानेवारी

आवाज काढून टाकला तिने. "आईंना त्याच्याशिवाय जमतं, म्हणजे धडा हलका होईल. बायकांचा डेटा कमी जाईल."

डेटा वाचला हे बरं. पण बिल्डिंगीतल्या धुरपदाबाईला कुठे धड वाचता येतं? हे माझ्या मनात आलं होतं. आलं आणि गेलं.

मंगळवार, २१ जानेवारी

गायत्री कणीक मळताना तिच्या कामाचं सांगत होती. खुलली की छान बोलते पोरगी. म्हणाली, "धडा बनवताना आधी शेवट ठरवायचा, आई. धडा संपल्यावर बाईला काय करता आलं पाहिजे? ते ठरलं की मग प्रश्न. आणि धडा सगळ्यात शेवटी."

मी म्हटलं, "पंगतीला माणसं किती ते आधी, कणीक मागून."

"अगदी तेच!"

मग म्हणाली, "आणि 'समजलं का?' असं कधी विचारायचं नाही. माणूस हो म्हणतोच. करून दाखवा म्हणायचं."

मी हो म्हटलं! नंतर कान तापले.

शुक्रवार, २४ जानेवारी

तिचं टूल गेलं. ("टूल" म्हणे. मला पाना-पक्कड वाटायची. ज्या साईटीवर धडा बनवतात, तिला म्हणतात.) आजपर्यंत फुकट होतं, आता बायकांची उत्तरं बघायची तर महिन्याला पैसे, तेही डॉलरात. मागच्या वर्षीचं असंच बंद झालं होतं.

"आमचं भाडेकरूसारखं आहे, आई. बस्तान मांडलं की मालक म्हणतो, खोली खाली करा." हसत म्हणाली, पण तोंड सुकलं होतं. दिवसभर बसून सगळी बकरी उचलून नव्या साईटीत नेली. चित्रं वेगळी, अक्षरं वेगळी.

मी म्हटलं, "लाईटचं बिल बघ जरा. दिवसभर तो लॅपटॉप." का म्हटलं असेन? सवय, दुसरं काय!

शनिवार, २५ जानेवारी. एकादशी

आज मी खोटं बोलले. उपासाच्या दिवशी. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

नव्या साईटीत धडा परत बघायचा होता. ती पोळ्या लाटत होती — ह्यांना आणि गजेंद्रला उपास नाही — आणि मी दाराजवळ बसले. ह्या वेळी चित्र कसं सरकवायचं ठाऊक होतं, तेव्हा ऐटीत चालले होते. सहा प्रश्न झाले. बाण शोधते तर बाण नाही. हिरवं मोठं बटण, त्यावर लिहिलेलं —

जमा करा.

काय जमा? कुणाच्या जमा? माझ्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे गेलेले पैसे. एकाच्या जमा पडलं की दुसऱ्याच्या नावे पडतं. एवढं मला झोपेतून उठवलं तरी कळतं. आणि हा फोन माझ्या नंबराचा, नंबर बँकेच्या खात्याला जोडलेला. बँकवाला दर वेळी बजावतो — मावशी, अनोळखी बटण दाबायचं नाही. शेजारच्या बिल्डिंगीत एकाचे असेच गेले.

गायत्रीला विचारायचं होतं फक्त — "हे जमा कसलं गं?" एवढंच! पण मी विचारलं की ती कागदावर लिहिणार, इथे अडल्या. आणि मॅडमला फोनवर सांगणार.

फोन मांडीवर पालथा घातला.

"झालं, आई?"

"झालं."

संध्याकाळी ती म्हणाली, "आई, तुमची उत्तरं इकडे दिसत नाहीत. शेवटचं बटण दाबलं होतं ना?"

"हो, दाबलं की."

मी तिच्याकडे बघितलं नाही. शेंगदाणे निवडत होते. ती जरा वेळ उभी राहिली आणि गेली.

सोमवार, २७ जानेवारी

गायत्रीने साईटवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. गजेंद्रला सांगत होती, "सबमिटच होत नाहीये बहुतेक." त्यांचं उत्तर आलं, आमच्याकडे बिघाड नाही.

बिघाड इथे बसलाय, पदर खोचून.

बुधवार, २९ जानेवारी

आता तिसरी साईट! पुन्हा सगळं पहिल्यापासून. चित्रांचे आकार बदलले, तर बकरीचं डोकं कापलं जायला लागलं, ते एकेक करून नीट केलं. मान धरून बसली होती. मी तेल लावून देऊ का विचारलं. "नको आई, तुम्ही पडा."

तिच्या मानेचं दुखणं माझ्या एका "दाबलं की" चं आहे. दोनदा तोंड उघडलं. एकदा कुकरची शिट्टी झाली, एकदा हे आले. निमित्तं! बोलायचं असतं तर शिट्टीतही बोलता आलं असतं.

ह्या साईटीतही तेच हिरवं बटण आहे. मी बघून घेतलं. मला परत धडा करायला सांगितला नाही तिने. सुटले असं वाटलं, आणि लाजही वाटली.

रविवार, २ फेब्रुवारी

हळदीकुंकू आपल्याकडे. वाण काय द्यायचं ह्यावर मी महिनाभर डोकं खपवलं होतं. स्टीलच्या वाट्या महाग, प्लास्टिकचं बायका नावं ठेवतात. गायत्री म्हणाली, "आई, तिळगुळ देऊ आणि माझा धडा देऊ." फोनवर पाठवलेलं वाण! फुकटात. मला पटलंच.

सखुबाई, धुरपदाबाई, वरच्या मजल्यावरची कविता, सोनाली, सगळ्या आल्या. धुरपदाबाई ओटी घेताना म्हणाली, "प्रमिलाबाई, वाटी नही, डबी नही, नुसता मोबाईलमाच वाण? तुन्ही सून तुन्हावर गयी वं!" सगळ्या खो-खो हसल्या. चिक्कू म्हणते मला तोंडावर. म्हणू दे.

गायत्रीने दोन वाक्यांत सांगितलं — गोष्ट बघा, नातवंडाला, लेकराला वाचून दाखवा, मग प्रश्नांची उत्तरं द्या. गुरुवारपर्यंत. हौसेने सांगत होती. हातावर तिळगुळ ठेवताना प्रत्येकीला "कराल ना नक्की?"

मला वाटलं, बायका दाबतील बटण, काम होऊन जाईल. माझं झाकलं जाईल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सखुबाई जिन्यात भेटली. हातात फोन.

"प्रमिलाबाई, हाई हिरवं काय शे वं? जमा करा म्हनस. दाबू का?"

मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"मन्हा पोऱ्या पैसा धाडस, तो ह्याच खातामा येस. गया तं कोन देई? तू तं मॅट्रिक शे. तूच सांग."

मला माहीत नाही, हे म्हणायला किती वेळ लागतो? आणि वर चढून गायत्रीला हाक मारायला? मी जिन्यातच, मोठ्या शहाणीसारखी —

"राहू दे. नको दाबू."

"हां, मंग नही दाबत." आणि समाधानाने गेली.

पैसे गेले असते तर पाप माझ्या माथी आलं असतं, अशी मनाची समजूत घातली. पण मला भीती सखुबाईच्या पैशांची नव्हती. मला माहीत नाही हे कुणाला कळू नये, ही होती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भजनाला धुरपदाबाई पेटी उघडायच्या आधीच — "आम्ही कोनीच नही दाबं ते. सखुबाईनी सांगं, प्रमिलाबाई नको म्हने. आनि माले तं वाचताच नही येस, नातनी वाचं अर्ध, मंग ती बी पळी गयी."

चौदा बायका. एकीनेही दाबलं नाही. सगळ्या माझ्या शब्दावर थांबल्या.

ह्या बायका बँकेच्या शिपायाचं ऐकत नाहीत, नवऱ्याचं ऐकत नाहीत. माझं ऐकलं!

टाळ हातात होता, सूर लागला नाही. गायत्री दारात चपला काढत होती. तिने ऐकलं का? ऐकलंच असणार. आत आली, मागे बसली, शेवटपर्यंत टाळ्या वाजवत बसली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मॅडमचा फोन आला. गायत्रीने गॅलरीचं दार लावून घेतलं. आज काही ऐकू आलं नाही.

बाहेर आली, म्हणाली, "झालं बोलणं." मग कणीक मळायला घेतली. नेहमीपेक्षा बराच वेळ मळली. मी विचारलं, "उत्तरं नाही आली तर?"

"तुम्ही काळजी करू नका, आई. घरचं सगळं नीट राहील."

मी विचारलं काय, ती बोलली काय! चिडली असती तर बरं झालं असतं. जेवताना गरम पोळी आधी माझ्या ताटात.

ह्यांना रात्री सगळं सांगितलं. हे म्हणाले, "सुनेच्या कामात तू पाय घालूच नको. गप्प राहा, आपोआप निवतं." मी गेले तीन आठवडे गप्पच तर आहे!

शनिवार, ८ फेब्रुवारी. एकादशी

कसं लिहू!

सकाळी अमरोलीच्या मंदिरात गेले. दारात चपलांचं कपाट. त्यावर गुजरातीत पाटी — चंपल अहीं जमा करावो. हजारदा बघितलेली पाटी. चपला काढल्या, कपाटाशी बसलेल्या मुलीच्या हातात दिल्या, पायरीवर पाय ठेवला.

आणि पाय तिथेच.

जमा. मी आत्ता चपला जमा केल्या. माझ्या नावे काय पडलं? काही नाही. दिल्या, त्यांनी ठेवून घेतल्या, बस्स.

अर्ज जमा करतात. रेशनकार्डाची झेरॉक्स जमा करतात — मीच करते, बिल्डिंगीतल्या बायकांच्या करते! आणि — देवी गं — मॅट्रिकच्या शेवटच्या पेपराला ते उंच सर घंटा झाल्यावर ओरडले होते ते? "लिहिणं थांबवा! उत्तरपत्रिका जमा करा!" मी माझ्या हाताने केली होती. त्यावरच तर पास झाले. त्यावरच आजपर्यंत मिरवते.

उत्तरं जमा करा. एवढंच म्हणत होतं ते बटण.

कुणी अडाणी बाई चुकली असती तर ठीक. वहीत रोज जमा-नावे लिहून लिहून मला जमा म्हणजे पैसाच दिसायला लागला. दुसरं काही असतं हेच विसरले. अक्कल चार पैशांची झाली माझी.

दर्शन घेतलं, पण मान वर करून मूर्तीकडे बघवलं नाही. उत्तरं यायला एक दिवस उरलाय.

रविवार, ९ फेब्रुवारी

गायत्री आणि गजेंद्र तिच्या मावशीकडे उधन्याला गेले होते. मी सखुबाईच्या घरी सगळ्यांना बोलावलं. शेव-चुरमुरे नेले. (आणले नव्हते, घरचेच होते.)

म्हटलं, "बायांनो, ते हिरवं बटण दाबा. काही होत नाही. पैसे जात नाहीत."

सखुबाईने चष्म्यातून बघितलं. "परवा नको म्हने, आज दाब म्हनस. सूनले नोकरी लागाले पाहिजे म्हनीसन का?"

कविता म्हणाली, "काकू, आधी का नको म्हणालात मग? काहीतरी असेल ना?"

कुणी फोन उचलेना. मी बँकेचं सांगितलं, चपलांच्या कपाटाचं सांगितलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे. खोटं बोलून एकदा शब्द चालवला की खऱ्याच्या वेळी चालत नाही. मी बायकांशी नेहमी शुद्ध बोलते, मॅट्रिकची म्हणून. आज तोंडातून घरची बोलीच निघाली —

"माले बी नही समजनं व्हतं वं! जमा म्हंजे काय ते मालेच नही समजनं. तुम्हले सांगाले लाज वाटनी, म्हनीसन नको म्हनं."

पंखा फिरत होता.

मग धुरपदाबाई. "तुले नही समजनं?"

"नही."

"मंग इतला वरीस आमले काय वाचीसन दाखाडस व्हती तू!"

आणि जी हसली! सोनालीला ठसका लागला. सखुबाई पदराने डोळे पुसत, "अरे देवा, मॅट्रिक!" मी तोंड पदरात लपवलं. वाटलं, फरशी दुभंगावी. पण सखुबाईने हसता हसताच फोन घेतला, "जाऊ दे, मी दाबस," आणि दाबलं.

मग चौदा जणी आपापले फोन हातात धरून श्वास रोखून बसलो. बँकेचा मेसेज येतो का! कुणाचा फोन वाजला की किंचाळी. कविताला मेसेज आला तर सगळ्या तिच्यावर पडल्या. तो साडीच्या सेलचा निघाला.

मग एकेकीने दाबलं. धुरपदाबाईला सगळा धडा मी मोठ्याने वाचून दाखवला. तो काढून टाकलेला आवाज मीच झाले. शेवटी तिचं बोट धरून बटणावर नेलं, तर म्हणाली, "सोड, मी दाबस."

शेवटी मी माझं दाबलं. जमा झालं.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी गायत्रीने लॅपटॉप उघडला आणि तशीच बसून राहिली. "आई, सगळ्यांची उत्तरं आलीत. काल दुपारी. सगळ्यांची! कशी?"

मी तिच्यासमोर चटईवर बसले. पहिल्या दिवशी बसवलं होतं तशीच. सगळं सांगितलं. फोनवरचं तिचं वाक्य ऐकलं होतं तेही. तिने तोंडावर हात ठेवला. आवाज उगाच काढायला लावला ते सांगितलं. दाबलं म्हणून खोटं बोलले, जिन्यात सखुबाईला अडवलं, सगळं. पदराचं टोक पिळून पिळून चुरगळलं.

"त्या शब्दामुळे, आई?"

"हो गं."

"फक्त त्या शब्दामुळे?"

"हो."

"दुसरं काही नव्हतं तुमच्या मनात?"

"दुसरं काय असणार?"

ती मटकन फरशीवरच बसली. आधी हसली, मग हुंदके. मला वाटलं, तीन-तीनदा केलेल्या कामाचं रडू आहे. पाठीवर हात ठेवला. ठेवू दिला तिने. म्हणाली, "मी सबमिट सबमिटच म्हणत राहिले. तिथे मराठीत काय लिहून येतंय ते वाचलंच नाही कधी. आणि तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं. तोंडावर. विचारलंच नाही मी."

उत्तरं बरीच चुकली होती म्हणे बायकांची, आधी आवाज होता त्याच जागी. माझी दोन चुकली. एक त्या धपाट्याचं! लांब उत्तर बरोबर नव्हतं.

मी म्हटलं, "आज सोमवार. मॅडमला कळव लवकर, वेळ जाईल."

"हो आई," म्हणाली, आणि पोळ्यांना लागली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गजेंद्र ड्यूटीवर निघताना जिन्यापर्यंत आला नि थांबला. "आई, तिने तुला सांगायचं नाही म्हटलंय. तिने नोकरीला शुक्रवारीच नकार कळवला. त्या एकादशीला तू फोन पालथा घातलास ते तिने बघितलं होतं. मग बायकांना नको दाबू म्हणालीस ते ऐकलं. मॅडमला म्हणाली, माझ्या सासूबाईंची इच्छा नाही. काल तिने परत फोन केला होता. तोवर त्यांनी जागा दुसरीला दिली होती."

मला वाटत होतं, ती माझी लाज बघतेय. तिला दिसत होता माझा नकार. पंधरा दिवस. आणि रोज पहिली पोळी मला.

आज पोळ्या मी केल्या. ती खाली मान घालून जेवली.

तिने नोकरी करावी, असं मला पहिल्यापासून वाटत होतं — हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.